शेजारची तालीम

खडकीच्या आमच्या क्वार्टर्समध्ये भिंती पातळ. एका संध्याकाळी शेजारचे दत्तप्रसाद ओरडले, "कोण आलं होतं घरी? खरं बोल." मागोमाग रुपालीची किंकाळी. मी घाबरून त्यांचं दार वाजवलं.

दार जेमतेम उघडून रुपाली म्हणाली, "काही नाही काकू, तालीम चाललीय. नाटकात बायकोवर संशय घेणाऱ्या राजाचं काम आहे ह्यांना. राणीची वाक्यं मी म्हणते."

मग रोजच किंकाळ्या यायच्या. मी टीव्हीचा आवाज वाढवायची.

काल कौतुकाने प्रयोगाला गेले. शेवटी राजाने राणीचा गळा आवळला, पडदा पडला, तरी मी खुर्चीतच बसले होते.



राजाच्या मागे दत्तप्रसाद भाला घेऊन उभे होते. अख्ख्या नाटकात त्यांना एकही वाक्य नव्हतं.