अंबरीची फांदी

भिंतीकडची सफरचंदांची ओळ एरवी सूनच छाटायची. आज सोनाउल्ला स्वतः तिकडे वळला आणि शेवटच्या झाडापाशी थबकला. तारेला बांधलेल्या त्या बुटक्या झाडाची एकच फांदी सरळ वर उसळली होती. बुडाशी कलमाची गाठ होती.

"तसलीमा!"

फेरनच्या घोळदार झग्याआत निखाऱ्यांची कांगडी धरून सून बाहेर आली. परसात अजून घोटाभर बर्फ होता.

"ही अंबरी सफरचंदाची फांदी आहे. माझ्या बागेत कशी आली?"

"तुम्ही अंगणातलं अंबरीचं जुनं झाड पाडलंत ना, त्याच्या काड्या मी उचलल्या होत्या. मीच कलम बांधलं."

"मला न विचारता?"

"झाड पाडताना तुम्ही कुणाला विचारलं होतंत, अब्बाजी?"

खिडकीतून सासूने, फाझीने, डोकं काढलं. "म्हणजे मी खाल्लं ते सफरचंद ह्या फांदीचं होतं? मला म्हणालीस, माहेरून आलंय!"

"खरं सांगितलं असतं, तर तुम्ही यांना सांगितलं असतंत, अम्मी."

"सांगितलंच असतं," फाझी म्हणाली. "पण वास काय होता गं त्याला!"

सोनाउल्ला भडकला. "वास विकतो का मी? निम्मं आयुष्य वाट बघायला लावतं ते झाड. ह्या परदेशी झाडांनी तिसऱ्या वर्षी पेट्या भरल्या!"

"पेट्या तुमच्या. एक फांदी माझी."

"माझ्या झाडावर तुझं काही नाही," असं म्हणत त्याने करवत लावली.

तिने त्याचा हात धरला नाही. फांदी बर्फात पडली. मग कांगडी खाली ठेवून ती फांदीशी बसली आणि गेल्या वर्षीचे कोवळे शेंडे चाकूने कापू लागली. वीत वीत लांबीच्या काड्यांची चांगली मूठभर जुडी झाली. ती तिने ओल्या फडक्यात गुंडाळली.

"हे कशाला आता?" सोनाउल्लाने विचारलं.

"बर्फ वितळला की कलमं बांधायला."

"कुठे बांधणार?"

तसलीमाने भिंतीपासून फाटकापर्यंत नजर फिरवली. ओळीमागून ओळ, सगळी झाडं सारखीच.

"शोधत बसा," ती म्हणाली. "ही एक दिसायला तुम्हाला चार वर्षं लागली."