काट्याची चिठ्ठी

शेतातली केळी पिकअपमध्ये दुप्पट कोंबताना दापोऱ्याच्या समाधानचा हात कधी अडखळला नाही. पण आईला समुद्र दाखवायला त्यानं गाडीमागे जोडायची चाकांवरची खोली घेतली, आणि तेव्हापासून त्याची झोपच उडाली. पिकअप मागे दीड टनच ओढू शकते. घाटाच्या उतारावर जड खोलीनं पुढच्या गाडीलाच ढकललं तर?

निघायच्या सकाळी केळीच्या गाड्या तोलायच्या काट्यावर खोलीचं वजन भरलं सोळाशे ऐंशी किलो. त्यानं पाण्याची टाकी रिकामी केली, कपाट उतरवलं, तरी सोळाशे वीस. गाडीत बसून बसून आई अवघडली, बायको ज्योत्स्ना चिडली. शेवटी त्यानं खोलीतला पलंगही काढला, आणि काट्यावरच्या चंदननं चिठ्ठी दिली: चौदाशे ऐंशी. समाधानच्या जिवात जीव आला. त्यानं गाडी चालू केली.



खिडकीशी वाकून चंदन हळूच म्हणाला, "जाय भाऊ आता बेफिकर. तुझी तगमग बघवेना, म्हणून केळीच्या गाड्यांना देतो तशीच शंभर किलो कमीची चिठ्ठी फाडली. रस्त्यात कोणी अडवणार नाही."