अंगाईतले थांबे

स्कॉटलंडमधल्या फाइफच्या खाणगावातला हॉल. पंचवीस पितळी वाद्यं, एक ड्रम आणि समोर खुर्चीत इशबेल आजी. अंगाई तिच्या आईची. तिने होकार दिला, तरच बँड ती शनिवारी स्पर्धेत वाजवणार होता.

वाजवून झालं. बँडसाठी अंगाई बसवणाऱ्या मॉर्वेनने आजीकडे पाहिलं.

“माझे थांबे कुठे गेले गं?”

“आजी, मला गाऊन दाखवताना तुम्हाला दम लागत होता ना, म्हणून तिथे ट्रॉम्बोन भरले.”

“दम? अगं बाई, बाळ झोपलं का, ते ऐकायला आई थांबते. तुमच्या भोंग्यांनी अख्खं गाव उठवलं!”

मॉर्वेनने ट्रॉम्बोनच्या जागा खोडल्या. अंगाई पुन्हा सुरू झाली. पहिला थांबा दोन ठोक्यांचा, दुसरा तीन. तिसऱ्याला आजीने ओठांवर बोट ठेवून होकारार्थी मान डोलावली.

पुढचे अकरा ठोके हॉलमध्ये कसलाही आवाज झाला नाही.