तहकुबीचा चहा

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला वेळेवर कोणी म्हणता कोणी येत नाही. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब होते. तेवढ्या वेळात एकटे राहणारे टिपणीसकाका घरून आणलेला चहा सगळ्यांना पाजतात आणि पोटभर गप्पा मारतात.

यंदा विषय पार्किंगचा. मग काय, पाचच्या ठोक्याला एकवीस जण हजर! तेवढेच लागतात.

"म्हणजे लगेच सुरू?" काकांनी थर्मासचं झाकण पुन्हा लावलं.

मी सेक्रेटरी. उघडलेली वही मिटली आणि शेजारच्या वहिनींना विचारलं, "गॅस बंद केलात ना?"

त्यांनी काकांकडे पाहिलं. "अगबाई, नाहीच!" म्हणत उठल्या.

"उरले वीस. सभा अर्धा तास तहकूब."

दारातून वहिनी म्हणाल्या, "काका, माझा कप ठेवा हं."