बकरीसकट

"आज तुमचं प्राणिशास्त्र दाराबाहेर ठेवा," आईने बाबांना वॉर्डच्या तोंडाशीच बजावलं होतं. "पोरगी आधीच घाबरलीय. पुस्तकात आहे ते मुकाट्याने वाचायचं. मध्ये एक शब्द बोललात, तर बघा!"

म्हणून बाबा खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मुकाट्याने वाचत होते. खरं तर त्यांचा जन्म गेला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात. घरी सिंहाची गोष्ट सुरू झाली, की आफ्रिकेतला सिंह घनदाट जंगलात नाही, गवताळ माळावर राहतो, इथेच गाडी अडायची. मग राजा राहिला बाजूला आणि प्रधानही. लेक वैतागून उशी फेकून मारायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक घेऊन बाबांकडेच यायची. आजचं पुस्तक तर थापांनी खच्चून भरलेलं होतं. जुनीपुराणी कादंबरी. तिच्यातल्या खलाशाला देवमाशाने जहाजावरच्या बकरीसकट गिळलं होतं आणि हा गडी आत बसून, बकरीचं दूध पीत, मजेत दिवस काढत होता. बाबांची जीभ नुसती वळवळत होती.

लेकीचं अपेंडिक्स काढायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आमचं रोजचं काम आहे, परवा घरी न्या. तरी बाबांची नजर सारखी दाराकडे जात होती. बेडूक फाडून पोरांना आतडी दाखवणं वेगळं. हे लेकीचं पोट होतं. भीती वाटत होती त्यांना, चांगलीच.

"बाबा," लेकीने मध्येच विचारलं, "देवमाशाच्या घशातून अख्खा माणूस जातो?"

आईने पायथ्याशी उभ्या उभ्या डोळे वटारले.

"जातो की," बाबा म्हणाले.

"आणि बकरी?"

"तीसुद्धा जाते."

"मग आत ती खाते काय?"

बाबांनी नजर पुस्तकात घातली. "असेल गं काहीतरी. गवतबिवत."

आईला हायसं वाटलं. नवऱ्याने जन्मात एकदा तरी ऐकलं म्हणायचं! बाबांनी पान उलटलं, पण लेकीचं लक्ष पुस्तकात नव्हतं. ती त्यांच्याकडेच बघत होती, आणि चादरीची कड तिने दोन्ही मुठींत घट्ट धरली होती.

स्ट्रेचर आलं. नर्सने हसत हसत तिला त्यावर घेतलं, केस टोपीत कोंबले. लेकीने बाबांचं बोट पकडलं.

"बाबा, मला काही वाईट झालंय का? खरं सांग."

"वेडी का तू? साधं ऑपरेशन आहे. परवा घरी जायचंय आपल्याला."

"डॉक्टर असं म्हणाले?"

"अगदी असंच म्हणाले. तुझी शप्पथ!" बाबांचा आवाज चिरकला. आयुष्यात इतकं खरं ते कधी बोलले नसतील.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने हळूच त्यांचं बोट सोडलं.

"तसं तर देवमाशाच्या पोटात गवतपण असतं," ती म्हणाली, आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.