पत्रिकेची शाई

मनवेलपाड्यात कुणाच्याही लग्नपत्रिकेवर नावं घालावीत ती शांतारामांनीच, तीही लाल शाईने. काळं पेन ते फक्त तेराव्याच्या पत्रांसाठी उघडत. पण लेक अश्लेषा सांडोरच्या ख्रिस्ती नेल्सनशी लग्न करते म्हणाली, आणि एरवी ‘देवाला भेद नाही’ असं बुवांनी कीर्तनात आळवलं की डोळे पुसणाऱ्या शांतारामांनी तिच्या पत्रिकांवर काळ्या शाईने नावं घातली. “बाबा, काळी?” “ऑफिसची सवय गं,” ते मान न उचलता म्हणाले. तेवढ्यात नेल्सनची आई ग्रेसीबाई केळ्यांचा घड घेऊन आल्या. पत्रिकेवर आपलं नाव बघून हरखल्या. “व्याही, काय अक्षर तुमचं! ही मी घरच्या आल्तारावर, येशूपुढे ठेवीन.” शांतारामांनी हात पुढे केला. “विहीणबाई, द्या ती इकडे. शाई चुकली माझी.” अश्लेषाने टोपण काढून लाल पेन पुढे केलं. शांतारामांनी नव्या पत्रिकेवर ग्रेसीबाईंचं नाव लाल शाईने घातलं आणि काळ्या नावांचा गठ्ठा पुढे ओढला.