गालातली गोळी

"ज्याची छाती फाटतेय त्याला दारातून हाकलता, आणि धडधाकट माणसाला औषध गिळायला देता. ज्या कुणी हा नियम केला, तो चोर आहे!"

व्हर्जिल स्टिडहॅमने औषध-चाचणीच्या खोलीच्या काचेवर थाप मारली आणि धाप लागून तो प्राणवायूच्या नळकांड्यावर ओणवा झाला. केंटकीच्या खाणींत त्याने अर्धं आयुष्य कोळशाची धूळ खाल्ली होती.

काचेपलीकडे त्याचा धाकटा भाऊ डेल्बर्ट छातीला तारा चिकटवून राजासारखा पहुडला होता. हा कधी खाणीत उतरलाच नाही. अंधाराला भ्यायचा. जन्मभर चर्चचं गवत कापलं. म्हणून याची फुप्फुसं कोरी करकरीत, आणि म्हणूनच फुप्फुसाचं नवं औषध याला! औषधाने हृदय बिघडत नाही ना, एवढंच डॉक्टरांना बघायचं होतं. त्या तपासणीला निरोगी माणूस लागतो म्हणे.

डेल्बर्ट काल फोनवर कुजबुजला होता, "दादा, गोळी गालात दाबून ठेवतो. नंतर तुला देतो."

परिचारिकेने गोळी दिली, पाणी दिलं, मग बॅटरी पेटवली. "आ करा. जीभ वर. आता गाल दाखवा."

डेल्बर्टने काचेकडे पाहिलं. आणि गिळली. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली झाली, तशी व्हर्जिलने काचेवर मूठ आपटली.

"गिळलीस? भित्रा तो भित्राच राहिलास!"

"मग माझी छातीच घे ना, दादा!" आतून डेल्बर्ट रडवेला होऊन ओरडला.

डॉक्टर प्रुइट बाई धावत बाहेर आल्या. "त्याला चिडवू नका हो, ठोके वाढले की सगळी तपासणी वाया. आणि जळताय कशावर? ती नुसती खोटी गोळीही असेल. काहींना खरी देतो, काहींना खोटी. कुणाला कुठली, ते मलाही ठाऊक नसतं."

व्हर्जिल हसायला गेला आणि खोकला. रुमालात पडलेला काळा बेडका त्याने त्यांच्यासमोर धरला.

"हा मात्र खरा आहे, बाई. माझी पाळी कधी?"

"हे संपलं की सरकारची मंजुरी, मग औषध बाजारात. लागतील काही वर्षं."

"कुणाची वर्षं? तुमची की माझी?"